गिऱ्हाईक परत पाठवणारी पोर

छबुबाईंचं म्हणणं सरळ होतं. दारात आलेलं गिऱ्हाईक जो माणूस परत पाठवतो त्याला दुकानात बसवू नये, देवळात बसवावं, म्हणजे लोक लांबून पाया पडतील आणि आपापल्या कामाला जातील. त्यांची नात संस्कृती दिवसाला दोन-दोन गिऱ्हाईकं परत पाठवत होती. तेही हसून, गार पाणी पाजून, वर दारापर्यंत पोचवायला जाऊन.

"आज पुन्यांदा एक घालवलं!" रस्त्यापलीकडच्या जलालुद्दीनला ऐकू जाईल अशा आवाजात छबुबाई म्हणाल्या. तशा त्यांच्या आवाजाला रस्ता काय, अख्खं केज गाव अपुरं पडायचं. "रिटायर झालेला मास्तर. आठ लाखाचा चेक खिशात घालून आलता. माझ्या कानानं ऐकलं. आन् ही बया त्याला सांगती, 'गुरुजी, पोरीचं लगीन फेब्रुवारीत हाय ना? मग हे पैसे माझ्याकडं नका देऊ, बँकेत ठेवा.' बँकेत! दुकान आपलं आन् गिऱ्हाईक बँकेला!"

जलालुद्दीन सीताफळं निवडत होता. डोळे मिटलेली एका क्रेटात, उघडलेली दुसऱ्यात. मान वर न करता तो म्हणाला, "भाभी, पोरीनं खरं ते सांगितलं."

"खरं सांगायला तिला गाळा दिलाय का मी? तू सांगतो का गिऱ्हाईकाला, की बाबा तुला खोकला हाय, सीताफळ नको घेऊ?"

"सांगतो की कधी कधी."

"गप बस. मागल्या साली मलाच तीन किडकी दिलतीस."

जलालुद्दीननं पुढचं सीताफळ उचललं. तीन नव्हे, चार होती, हे त्याला ठाऊक होतं.

केजच्या बाजाररस्त्याला छबुबाईंचे दोन गाळे शेजारी-शेजारी. एकात सरकी पेंडीचं दुकान. नवरा राधाकिशन गेल्यावर गेली एकवीस वर्षं ते छबुबाईंनी चालवलं. कागदावर मुलगा विजयसिंह, म्हणजे संस्कृतीचा बाप, मालक होता, पण काट्यावर पोतं चढवायचं की नाही हे तोही आईला विचारायचा. छबुबाईंची शाळा दुसरीपर्यंत, तीही अर्धी. पण साडेसत्तावीस पोत्यांचा हिशोब त्या उभ्या-उभ्या सांगायच्या आणि समोरचा कॅल्क्युलेटर काढून बसला की त्याच्याकडे दयेनं बघायच्या.

दुसरा गाळा रिकामा होता. जलालुद्दीन तो सीताफळाच्या हंगामासाठी दोन वर्षं मागत होता, भाडंही चांगलं देत होता. पण बीडला एका कंपनीच्या ऑफिसात तीन वर्षं नोकरी करून संस्कृती परत आली आणि म्हणाली, "आजी, तो गाळा मला दे. मी लोकांचे पैसे गुंतवून देणार. परीक्षा पास झालेय, परवान्याचा नंबर मिळालाय."

"कसले पैसे? कुठं?"

"म्युच्युअल फंडात. महिन्याला थोडे-थोडे, एसआयपी म्हणतात त्याला. बायकांचे, मास्तरांचे, पेंडवाल्यांचे. सगळ्यांचे."

छबुबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. चोवीस वर्षांची पोर, नाकावर चष्मा, आणि पायात असे बूट की दोन्ही मिळून एक म्हैस विकत येईल. "गुढीपाडव्याला देते," त्या म्हणाल्या. "खंडेनवमीच्या दिवेलागणीपस्तोर शंभर गिऱ्हाईक झालं पायजे. एक कमी असलं तरी दसऱ्यापासून गाळा जलालुद्दीनला. पुन्हा रडायचं न्हाई."

"नाही रडणार."

"आन् तुझ्या बापालाबी रडू द्यायचं न्हाई. त्योच लई रडका हाय."

पाडव्याला नारळ फुटला. पाटी लागली: संस्कृती गुंतवणूक केंद्र. दोन गाळ्यांच्या मधे लाकडी फळ्यांची भिंत होती, तिला बोट जाईल एवढ्या फटी होत्या, आणि छबुबाईंनी आपलं बसायचं पोतं त्याच दिवशी सरकवून फळ्यांना लावून घेतलं. हवा येते म्हणाल्या. गिऱ्हाईक झालं की फळीवर खडूनं एक रेघ मारायची, पोती मोजतात तशी. पहिल्या महिन्यात अकरा रेघा झाल्या. सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई, दोन अंगणवाडीताई, कोर्टाबाहेरचा एक टायपिस्ट. चौथ्या महिन्यात एक्केचाळिसावी रेघ खुद्द जलालुद्दीनची. महिन्याला दोन हजार.

"तुलाच गाळा पायजे, आन् तूच तिचं गिऱ्हाईक झालास?" छबुबाईंनी विचारलं.

"क्या करूँ भाभी, पोरीनं लई चांगलं समजावलं," जलालुद्दीन म्हणाला. "आता माझं एक मन म्हणतंय शंभर व्हावेत, एक म्हणतंय क्रेट कुठं ठेवू."

सगळं सुरळीत चाललं असतं. पण पोरीला ती खोड होती. माणूस खुर्चीत बसला की फॉर्म काढायच्या आधी विचारायची, "पैसे कुणाचे? आणि परत कधी लागणार?" उत्तर पटलं नाही की फॉर्म ड्रॉवरमधेच. पाच-सात वर्षं हात लावायचे नसतील तर या, नाहीतर चहा घ्या आणि जा. फळीपलीकडे छबुबाई खडू हातात धरून बसलेल्या असायच्या आणि खडू तसाच खाली ठेवायच्या. एकदा तर रागानं त्यांनी खडूचं टोक चावलं.

गौरी-गणपती उठले आणि एका दुपारी बाजाररस्त्यावर पांढरी बोलेरो थांबली. रामप्रसाद मुकादम उतरला. काळा चष्मा, पांढरे कपडे, बोटात अंगठ्या. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, असे बारा कोयते त्याच्या टोळीत होते. दसऱ्यानंतर माणसं कारखान्याला निघायची, आणि त्यांची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, कारखान्याकडून आधी मुकादमाच्या खात्यात यायचे. तो ते वाटायचा. कधी, ते त्याच्या मनावर.

छबुबाई एका शेतकऱ्याला पेंड तोलत होत्या. पलीकडून "बारा लाख" ऐकू आलं आणि त्यांचा हात हवेतच थांबला.

"बारा लाख हायत, ताई," रामप्रसाद सांगत होता. "दसऱ्याला लागत्यात. तवर नुसते पडून काय करायचे? महिनाभर बाजारात फिरवून दे. माझ्या साडूच्या पोरानं महिन्यात दीडपट केले."

छबुबाईंनी कान फळीला लावला. बारा लाखावर पोरीला काय सुटतं ते त्यांना माहीत नव्हतं, पण बारा लाखावर काहीच सुटत नसेल असं तर जगात होऊच शकत नव्हतं. आणि मुकादम आला की मागून टोळी येणार, शेजारचे मुकादम येणार, फळी रेघांनी भरून जाणार.

"काका," संस्कृतीचा आवाज आला, "पैसे कुणाचे?"

"गेली!" छबुबाई पुटपुटल्या.

"माझ्याच खात्यात हायत की."

"खातं तुमचं. पैसे कुणाचे?"

पलीकडे खुर्ची करकरली. अलीकडे शेतकरी म्हणाला, "आजी, पेंड..." छबुबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो मागे सरून पोत्यावर बसला. मग त्यांनीच फळीला तोंड लावून हाक दिली, "मुकादम, उठू नका हां! चहा येतोय! वेलदोड्याचा!"

"महिन्याभरात बाजार वर जाईल का खाली, मला नाही सांगता येत," संस्कृती म्हणत होती. "मला सांगता येतं असं जो म्हणेल ना, त्याच्याकडे तर मुळीच जाऊ नका. दसऱ्याला वाटायचे पैसे आहेत. बाजार खाली गेला तर बारा घरांना काय वाटणार? हे मी घेणार नाही."

"तू मला परत पाठवतीस? मला?"

"हे पैसे परत पाठवते. तुमच्या वाट्याचे आले की तुम्ही या काका, खुर्ची पुसून ठेवते."

बोलेरोनं एवढी धूळ उडवली की जलालुद्दीनला सगळी सीताफळं फडक्यानं पुसावी लागली. चहा आला तेव्हा प्यायला कोणी नव्हतं. तो छबुबाईंनीच घेतला, बशीत ओतून, तीन घोटात, आणि कप हातात घेऊनच त्या फळीला वळसा घालून पलीकडे गेल्या.

"येडी हायस का तू? कावून परत केलेस? बारा लाख! माझ्या बापानं आख्ख्या जन्मात बारा लाख म्हटलं न्हाईत, तू ते हातानं ढकललेस!"

"आजी, बीडला मी हेच करायचे," संस्कृती म्हणाली. आज ती हसत नव्हती. "टार्गेट असायचं. माणूस बसला की सही घ्यायची, त्याला काय लागतं ते नाही विचारायचं. एका आजोबांची मी सही घेतली. त्यांना दवाखान्याला पैसे लागले तेव्हा निघाले नाहीत. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते मला 'बाळा' म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला. मग तेच करायला इथे कशाला बसू?"

छबुबाईंनी रिकामा कप टेबलावर आपटला. "शंभर न्हाई झाले तर गाळा जाईल," त्या म्हणाल्या.

"माहितेय."

"मग बस ढकलत!"

त्या दिवसापासून छबुबाईंनी पोरीची जी बदनामी सुरू केली तिला तोड नव्हती. पेंड घ्यायला आलेल्या प्रत्येकाला आधी ती गोष्ट, मग पेंड. "बारा लाख दारात आलते! हिनं परत केले! म्हणती, पैसे ज्याचे त्याला द्या!" उमापूरच्या बहिणीला, चंद्रभागाबाईला, फोनवर सांगितलं, तिनं तिथल्या किराणा दुकानात सांगितलं. वडाप जीपवाल्यांनी ऐकलं, धारूरच्या बाजारात गेलं. दर वेळी छबुबाई शेवटी म्हणायच्या, "असली पोरगी तालुक्यात दुसरी न्हाई!" आणि कपाळावर हात मारायच्या.

आठव्या दिवशी एक अनोळखी जोडपं पेंडीच्या दुकानासमोर उभं राहिलं. "बारा लाख परत करणारी पोरगी कुठं बसती?"

"ती काय, त्या दारात. पण तुमालाबी परतच पाठवील, सांगून ठेवते."

नाही पाठवलं. रेघ पडली. दुसऱ्या दिवशी तीन जण. मग एसटी डेपोतले दोन कंडक्टर, मग धारूरचा एक औषधवाला, आणि सगळे आधी छबुबाईंनाच पत्ता विचारायचे, छबुबाई तोंड वाकडं करून बोट दाखवायच्या आणि पाठ वळली की खडू शोधायच्या. फळीवर सत्तर रेघा झाल्या. ऐंशी झाल्या.

"भाभी," जलालुद्दीन म्हणाला, "तुमी पोरीची जाहिरात करताय."

"मी तिची अब्रू काढतीय!"

"अजून थोडी काढा. क्रेट मी चुलतभावाकडं ठेवीन."

मग एके सकाळी बायडाबाई आली. पस्तिशीची बाई, रापलेला चेहरा, पदर खोचलेला. पेंड घेईना, जाईना. "आजी," ती शेवटी म्हणाली, "त्या बारा लाखाचं खरं हाय का?"

"खरं हाय, बाई. काय सांगू तुला, पोरगी माझी..."

"त्यात एक लाख माझे अन् माझ्या मालकाचे व्हते. मी रामप्रसादच्या टोळीतली."

छबुबाईंचं वाक्य अर्ध्यात राहिलं. असं त्यांच्या आयुष्यात फार वेळा झालं नव्हतं.

"चार गावांत बोभाटा झाला तवा मुकादमानं परवा सगळ्यांची उचल वाटून टाकली," बायडाबाई म्हणाली. "शिव्या देत वाटली, पर वाटली. दर साली दसरा उजाडतो. यंदा पंधरा दिस आधी. आमी बायांनी इचार केला. सहा महिने आमी उसाच्या फडात. पैसे घरी ठिवले की कुणीतरी नेतं, संगं न्हेले की तिकडं जात्यात. महिन्याला पाचशे-पाचशे ह्या पोरीकडं जाऊ द्यावेत. जी परक्याचे बारा लाख घेत न्हाई ती आमचे पाचशे काय खाईल?"

छबुबाईंनी तिला पोत्यावर बसवलं आणि चहा मागवला. वेलदोड्याचा.

त्या आठवड्यात बायडाबाई सगळ्या बायकांची कागदपत्रं आणून देऊन गेली. शेवटची सही आणि मोबाईलवरचा ओटीपी तेवढा खंडेनवमीला ठेवला, कारण तेव्हा सगळ्या एकत्र बाजारात येणार होत्या. खंडेनवमीला सकाळी छबुबाईंनी काट्याची पूजा केली, संस्कृतीनं लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि ती माळ पडद्यावर आली म्हणून काढून पंख्याला बांधली. पंखा लावल्यावर अख्ख्या ऑफिसात झेंडूच्या पाकळ्या उडाल्या. फळीवर चौऱ्याऐंशी रेघा होत्या.

दुपारी तीनला जीप आली. आतून बायका उतरायला लागल्या आणि उतरतच राहिल्या. टोळीतल्या बारा आणि त्यांच्या शेजारणी सहा, एकूण अठरा. चौऱ्याऐंशी आणि अठरा, एकशे दोन! छबुबाईंनी हिशोब केला आणि त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं, कारण त्यांच्या तोंडून "बाई गं!" असं निघालं, ते लहान मुलीसारखं. लगेच खाकरून त्यांनी विजयसिंहाला विनाकारण झापलं.

पलीकडे नुसता गोंधळ. कुणाचा फोन बंद पडलेला, कुणाला ओटीपी आला तो तिनं सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला, कुणी नॉमिनी म्हणून शेळीचं नाव सांगितलं. "नवऱ्यापरीस शेळीच बरी," ती म्हणाली, आणि बायका इतक्या हसल्या की जलालुद्दीन दुकान सोडून बघायला आला. छबुबाई रेघा मारत होत्या. नव्वद. त्र्याण्णव.

आणि मग पलीकडून संस्कृतीचा तो आवाज आला.

"मावशी, सावकाराचे पैसे आहेत तुमच्यावर? शेकडा पाच, महिन्याला? मग आधी ते फेडा. इथे नका टाकू."

छबुबाईंनी डोळे मिटले. एकशे एक, त्या मनात म्हणाल्या. चालतंय.

"ताई, पोरीचं बाळंतपण जानेवारीत ना? हे पैसे पोस्टात ठेवा."

बरोबर शंभर. पुरे. आता बास कर गं.

"हा मोबाईल नंबर कुणाचा? दिराचा? मग ओटीपी त्यालाच येणार. आधी स्वतःच्या नावानं सिम घ्या. मग या."

"सटवे!" छबुबाई फळीकडे बघून ओरडल्या. फळीवर नव्व्याण्णव रेघा होत्या. बाहेर उन्हं कलली होती, समोरच्या दुकानांत दिवे लावायची तयारी चालली होती.

छबुबाई उठल्या. कनवटीचे पाच हजार काढले, पदर सारखा केला आणि पलीकडे जाऊन खुर्चीत बसल्या.

"नाव लिही," त्या म्हणाल्या. "छबुबाई राधाकिशन. वय अडुसष्ट."

संस्कृतीनं चष्मा वर केला. "पैसे कुणाचे?"

"माझ्या बापाचे! माझेच, आन् कुणाचे?"

"परत कधी लागणार?"

छबुबाई सहा महिने फळीआडून ऐकत होत्या. उत्तर त्यांना पाठ होतं. "धा वर्सांनी."

"आणि दिवाळीत पाटल्या करायच्या आहेत त्या कशातून?"

बायकांत खसखस पिकली. गेले तीन महिने छबुबाई त्या पाटल्यांचं वजन पेंडीइतक्याच मोठ्या आवाजात सगळ्यांना सांगत होत्या.

"त्या... त्याचं मी बघीन."

"आजी, हे पाटल्यांचे पैसे आहेत. तीन आठवड्यांत लागणार. मी नाही घेणार."

"अगं भवाने, तुझ्या गाळ्यासाठी खोटं बोलतीय मी! सगळ्यांच्या पुढं! अडुसष्टाव्या वर्षी!"

"कळलं मला," संस्कृती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. तिनं नोटा सरळ करून आजीच्या हातात परत ठेवल्या. "म्हणूनच नाही घेत. तुझ्याकडून घेतले तर मग त्या आठ लाखांच्या गुरुजींना कशाला परत पाठवलं?" आणि ती उठून लॅपटॉपची वायर काढायला लागली. "नव्व्याण्णव झाले. शब्द दिलेला होता. जलालचाचा, सकाळपर्यंत खाली करून देते."

जलालुद्दीन दारातच होता. तो क्रेटांकडे बघेना, पोरीकडे बघेना, आपल्याच चपलांकडे बघत राहिला. बायडाबाई छबुबाईंकडे बघत होती. सगळ्याच बघत होत्या.

छबुबाई खुर्चीतून उठल्या नाहीत. एकवीस वर्षं दुकान चालवून त्यांना आज पहिल्यांदा कोणीतरी गिऱ्हाईक म्हणून परत पाठवलं होतं, तेही अठरा बायकांसमोर, सख्ख्या नातीनं. अपमान पायापासून वर चढायला हवा होता. तो गुडघ्यापर्यंत आला आणि तिथे त्याला कोण जाणे काय झालं, त्याचं हसू होऊन ते पोटात शिरलं आणि छबुबाई हसायला लागल्या. आधी खांदे, मग पोट, मग खुर्ची. बायकांना वाटलं आजींना काही झालं. एकीनं पाणी आणलं. छबुबाई ते पाणी प्यायल्या, पदरानं डोळे पुसले आणि दाराकडे बघून म्हणाल्या, "जलालभाई, क्रेट घरी ने. पलंगाखाली ठेव. गाळा मिळत न्हाई."

"शुक्र है," जलालुद्दीन म्हणाला आणि मग आपण काय बोललो ते कळून स्वतःच हसला.

मग छबुबाई नातीकडे वळल्या. तिच्या हातातली वायर काढून घेतली आणि खणखणीत आवाजात, पलीकडच्या रस्त्यालाही ऐकू जाईल असं म्हणाल्या:

"संस्कृती, गाळा तुझा. पर गिऱ्हाईक परत पाठवायची तुला अक्कल न्हाई. तू लई गोड बोलतीस, त्यांना वाटतं आजून घटकाभर बसलं तर घेईल. उद्यापासून कुणाला परत पाठवायचं आसलं की फळीवर दोनदा थाप मारायची, मी येते. मी परत पाठवलेला माणूस धारूरला जाऊनच श्वास घेईल!"